पावतीच्या पाठीवरची यादी

मागच्या हंगामाचे ऊसबिल जमा झाल्यावर, दरसालच्या रिवाजाप्रमाणे, आम्ही लोखंडी पेटीतले कागद आवरायला काढले. सोसायटीचे दाखले, खताच्या पावत्या, विहिरीच्या कर्जाचे पासबुक, शेअर सर्टिफिकेट. शेतकऱ्याच्या पेटीत पैसा कमी आणि कागद फार, हे सभासद बंधूंना वेगळे सांगायला नको. त्या गठ्ठ्यात सन १९८३-८४ च्या गाळप हंगामातील एक काटा पावती हाती लागली. पुढच्या बाजूची शाई पार उडून गेलेली. गाडीचे वजन किती भरले होते ते आता काही केल्या वाचता येत नाही. पाठीवर मात्र जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने आमच्याच हातची दहा कलमे लिहिलेली होती आणि ती जशीच्या तशी शाबूत होती.

ती रात्र आम्हाला आठवते. बैलगाडीने ऊस घेऊन गेलो होतो आणि नंबर काही लागत नव्हता. थंडी अशी की बैलांच्या अंगावर पोती टाकलेली. चार-पाच गाडीवान पाचट पेटवून शेकत बसले होते. वय असेल पंचवीस. लग्नाला दोन वर्षे झालेली, वडील थकत चाललेले. खिशात पेन्सिल होती आणि जुनी पावती होती. आयुष्यात काय काय करायचे ते एकदा लिहून काढू, असे मनाने घेतले. शेजारच्या गाडीवानाने विचारलेसुद्धा, "पाव्हणं, एवढा कशाचा हिशोब करायलाव?" आम्ही म्हणालो, "उधारीचा." खोटे तरी कसे म्हणावे? उधारीच होती ती, आपलीच आपल्यावर.

कलमे अशी होती. विहीर. धाकट्या बहिणीचे लग्न. लाल कंधारी बैलांची जोडी. चार एकर ऊस. स्लॅबचे घर. राजदूत मोटारसायकल. एक तरी मूल पदवीपर्यंत. पंढरीची पायी वारी. नरसीच्या नामदेवरायांचे पंजाबातले घुमान पाहणे. आणि शेवटचे कलम: कर्ज नसलेला एक दिवस.

यातल्या बऱ्याच कलमांवर रेघ मारलेली आहे. काही रेघा पेन्सिलीच्या, काही बॉलपेनच्या, एक लाल शाईची. ती कोणत्या आनंदात मारली ते आठवत नाही. कागद गुडघ्यावर पसरून आम्ही बराच वेळ बसलो.

विहिरीचे कलम पहिले, कारण पूर्णेच्या कालव्याची पाळी कधी येईल आणि कधी चुकेल, याचा त्या काळीही नेम नव्हता. १९८७ साली विहीर खणली. पाणाड्याने नारळ तळहातावर उभा करून जागा दाखवली. तिथे पस्तीस फुटांवर काळा पाषाण लागला आणि पाणी लागले नाही. मग पाणाड्याला न विचारता ओढ्याच्या अंगाला दुसरा खड्डा घेतला. सुरुंग लावून खडक फोडायचा आणि टोपल्यांनी मुरूम वर काढायचा. असे पाच महिने चालले. सत्तेचाळीस फुटांवर झरा लागला तेव्हा तळाच्या माणसाने वर ओरडून सांगितले, आणि आम्ही आधी काठावर बसकण मारली, मग खाली वाकून पाहिले. त्या पाण्यावर को ७४० चा पहिला ऊस घेतला. रेघ मारली ती त्याच दिवशी, मातीच्या हाताने. पावतीवर अंगठ्याचा डाग अजून आहे.

बहिणीचे लग्न त्याआधीच, १९८६ ला झाले. हुंडा दिला, जेवणावळी घातल्या आणि रेघ मारली. आता या कलमाबद्दल एक गोष्ट लिहायची की नाही, यावर आम्ही दोन दिवस विचार केला. वडील गेल्यावर बहिणीला बोलावून घेतले आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तिने सही केली, चहा घेतला आणि संध्याकाळच्या एस.टी.ने ती परत गेली. एका शब्दाने बोलली नाही. त्या वेळी गावात सगळेच असे करत होते, आणि आम्हाला त्यात वावगे असे काही वाटले नव्हते. आज पावती हातात घेतल्यावर ती रेघ आम्हाला जरा घाईची वाटली. लग्न लावून देणे हे बहिणीचे काम होते की आमचे? यादीत तर ते आमच्या कामांत लिहिलेले होते.

चार एकर उसाचे कलम फार गमतीचे आहे. ते १९९२ साली पुरे झाले. रेघ मारली आणि शेजारी बॉलपेनने लिहिले: सहा एकर. त्यावर रेघ मारून लिहिले: आठ. काही कलमे अशी असतात की तोडली तरी खोडव्यासारखी पुन्हा फुटतात. फरक एवढाच की खोडव्याचा उतारा दरसाल कमी पडतो हे आपल्याला कळते, हावेचा कळत नाही. २०१५-१६ च्या दुष्काळात येलदरीने तळ गाठला, कालव्यात कुत्री झोपू लागली आणि आमचा आठ एकरांतला पाच एकर ऊस उभ्याने वाळला. जनावरांना घातला. त्यानंतर ठिबक केले, तीन एकर उसावर आलो आणि बाकी रानात हळद आणि सोयाबीन घेतो. कागदावर आता आठाचा आकडा तसाच आहे. त्यावर रेघ मारायची की तो खोडायचा, हे आमचे ठरलेले नाही.

राजदूत १९९० ला जुन्यात घेतली. ती अजून गोठ्यात उभी आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. बैलजोडी आली, दहा-बारा वर्षे राबली आणि ट्रॅक्टरच्या जमान्यात विकावी लागली. घरावर स्लॅब पडला. थोरला मुलगा कृषीचा पदवीधर झाला आणि पुण्याला बियाणे कंपनीत लागला, म्हणजे शेतकी शिकून शेतीपासून लांब गेला. धाकटा इथे आहे. कर्ज नसलेला दिवस २००८ च्या कर्जमाफीनंतर उगवला. सोसायटीचा बेबाकी दाखला हातात पडला आणि आठव्या दिवशी नव्या पीककर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. आठ दिवस म्हणजे यादीत मागितले होते त्याच्या आठपट, तेव्हा तक्रार करायला जागा नाही.

पंढरीच्या कलमावर अर्धीच रेघ आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला आपल्या जिल्ह्यातून जाते, तिच्याबरोबर एकदा आम्ही निघालो. तिसऱ्या मुक्कामाला गुडघ्याने दगा दिला. पुढचे पंढरपूर एस.टी.ने केले. विठ्ठलाने काही विचारले नाही, पण पायी म्हणून लिहिले होते, तेव्हा पूर्ण रेघ मारायला हात धजावला नाही.

घुमानचे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. नामदेवराय आपल्या नरसीचे. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. उत्तर आयुष्यात ते पंजाबात गेले आणि गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी राहिले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. आम्ही हे कीर्तनात ऐकले होते आणि तेव्हाच यादीत घातले होते. पण यादी लिहिली त्या १९८४ सालीच पंजाब पेटला आणि मग कितीतरी वर्षे तिकडे जाण्याचे नाव कोणी काढले नाही. २०१५ च्या एप्रिलात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा पेपरात फोटो पाहून कलम पुन्हा जागे झाले. त्याच हिवाळ्यात, घरात दुष्काळ असताना, गावातले आम्ही सहाजण नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने निघालो. लोक म्हणाले, यांना हीच वेळ सापडली का? खरे तर तीच वेळ होती. शेतात काम नव्हते.

तिथल्या लंगरात पंगतीला बसलो असता वाढणाऱ्या म्हाताऱ्या सरदारजींनी विचारले, कहाँ से आए? आम्ही म्हणालो, नरसी. म्हणजे गाव आमचे दुसरे, पण त्यांना काय सांगणार. ते थांबले, हातातली परात खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि मग आमच्या ताटात आणखी एक रोटी वाढली. पोट भरलेले होते, तरी ती खाल्ली. परत येताना गाडीत बसूनच रेघ मारली. लाल शाई कोणाकडून मागून घेतली होती, हे आता लिहिता लिहिता आठवले.

असे पाहता दहांतली आठ कलमे पुरी, एक अर्धे आणि एक खोडवा. आम्हाला स्वतःचा अभिमान वाटला, लपवण्यात अर्थ नाही. मग चौकशी सुरू केली की असे आणखी कोणी करते की काय. पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितले की याला हल्ली 'बकेट लिस्ट' म्हणतात, आणि त्या नावाचा मराठी सिनेमासुद्धा २०१८ साली माधुरी दीक्षितला घेऊन निघाला होता. त्यात एका बाईला दुसऱ्या मुलीचे हृदय बसवतात आणि ती बाई त्या मुलीच्या राहून गेलेल्या इच्छा एकेक करून पुऱ्या करते. कथा ऐकूनच आमची मंडळी म्हणाल्या, "मेलेलीच्या का होईना, इच्छा कुणी तरी विचारल्या." त्या वेळी आम्ही ते वाक्य कानावरून जाऊ दिले.

अमेरिकेत जॉन गोडार्ड नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. त्याने १९४० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, १२७ कलमांची यादी केली. नाईल नदी उतरून जायची, डोंगर चढायचे, विमान चालवायचे, अशी कलमे. त्यांतली शंभराहून अधिक त्याने पुरी केली. नाईल नदी तर खरोखरच छोट्या होडीतून पार केली. २०१३ साली तो वारला. माणूस धडाडीचा, यात वाद नाही. पण एकशे सत्तावीस कलमांत सोसायटीचा हप्ता नसणार, एवढे आम्ही खात्रीने सांगतो.

आम्हाला जवळचे वाटले ते उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले निघाले. कडोळीचे नानाजी देशमुख. त्यांचा पक्ष कोणता होता हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या सभासदांत सर्व पक्षांचे लोक आहेत, तेव्हा तो विषय आपण गावच्या पारावर ठेवू. आम्हाला बोलायचे आहे ते त्यांच्या आयुष्याच्या मांडणीबद्दल. जन्म ११ ऑक्टोबर १९१६ चा, तेव्हा आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. आईवडिलांचे छत्र लहानपणीच गेले. शाळेची फी भरायला त्यांनी भाजी विकली, आणि पुढच्या शिक्षणासाठी थेट राजस्थान गाठले. नंतरचे आयुष्य उत्तरेतच गेले. १९७७ च्या निवडणुकीत ते उत्तर प्रदेशातील बलरामपूरहून लोकसभेवर निवडून आले. केंद्रात मंत्रिपद चालून आले होते, ते घेतले नाही. साठी झाली की राजकारण सोडायचे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि १९७८ साली त्यांनी ते स्वतःला लावून घेतले. साठीत राजकारण सोडलेला माणूस आपण कितीसे पाहतो? आम्ही तर ग्रामपंचायतीतही पाहिलेला नाही.

आणि सोडून ते घरी बसले नाहीत. गोंडा जिल्ह्यात काम उभे केले. जयप्रकाश आणि प्रभावतीदेवी यांच्या नावावरून त्या गावाला जयप्रभा ग्राम म्हटले. प्रत्येक शेताला पाणी आणि प्रत्येक हाताला काम, एवढे दोनच शब्द त्या कामाचे. पाण्यासाठी त्यांनी जी युक्ती चालवली ती सभासदांनी ऐकण्यासारखी आहे. तिकडची जमीन गाळाची, पाणी वरच. लोखंडी पाइप गरिबाला परवडत नाही. म्हणून बांबूच्या नळ्या करून कूपनलिका घेतल्या. आपल्या काळ्या पाषाणात ते चालायचे नाही, पण जिथे जे मिळते त्यातून पाणी काढणे, हे शेतकऱ्याला कळते. पुढे ते चित्रकूटला गेले. तिथे १९९१ मध्ये ग्रामोदय विद्यापीठ निघाले आणि त्याचे ते पहिले कुलपती झाले. आसपासच्या खेड्यांत त्यांनी शिकलेली जोडपी राहायला पाठवली, नवरा आणि बायको दोघे मिळून. गावातली भांडणे गावातच मिटावीत, कोर्टात जाऊ नयेत, असाही एक नेम होता. २००५ साली राष्ट्रपती कलाम स्वतः ते काम पाहून आले. २७ फेब्रुवारी २०१० रोजी, ९३ व्या वर्षी, नानाजी चित्रकूटला वारले. देहसुद्धा आधीच लिहून ठेवल्याप्रमाणे दिल्लीच्या एम्स रुग्णालयाला अभ्यासासाठी दिला गेला. म्हणजे यादीतले शेवटचे कलम त्यांच्या मागे इतरांनी पुरे केले. २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. आम्ही साठीत पाऊल टाकले ते त्याच वर्षी.

आम्हालाही वाटले, आपणही आता नवी यादी करावी, साठीनंतरची. नव्या वहीचे पान काढले आणि ऐकवायला म्हणून रात्री जेवणानंतर जुनी पावती आमच्या मंडळींना वाचून दाखवली. एकेक कलम वाचायचे, साल सांगायचे, थांबायचे. त्या सुपात हळकुंडे निवडत होत्या. दहावे कलम संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि विचारले, "हे समदं झालं. यात मपलं काय हाय?"

आम्ही म्हणालो, "म्हणजे? विहीर आपली नाही का? घर कोणासाठी बांधलं?"

"इहिरीचा मुरूम मी वाहिला. थोरला पोटात होता तवा, सातवा म्हैना होता. इहीर सातबाऱ्यावर कुणाच्या नावानं हाय?"

उत्तर त्यांनाही माहीत होते, आम्हालाही होते.

"घुमानला बी जायचं होतं मला," त्या म्हणाल्या. "म्हशी कुणी बगायच्या म्हणून ऱ्हायले. रोटीची गोष्ट तुम्ही धा जणांला सांगितली. मी दर टायमाला चहा टाकत ऐकली."

नानाजींची यादी नानाजींची एकट्याची होती. प्रपंच केला नाही, त्यांना ती तशी करता आली. गोडार्डचीही त्याच्यापुरती होती. पण संसारी शेतकऱ्याच्या यादीतले एकही कलम एका माणसाच्या बळाने झालेले नसते, आणि रेघ मात्र एकच माणूस मारत असतो. चाळीस वर्षे पेन्सिल आमच्या खिशात होती. ती दुसऱ्याच्या हातात द्यावी, हे काही सुचले नव्हते. चित्रकूटला जोडपी पाठवली होती, हे आम्ही तास-दीड तासापूर्वीच मोठ्या कौतुकाने घरात सांगितले होते.

आम्ही विचारले, तुमचे कलम काय? आम्हाला वाटले पाटल्या म्हणतील, किंवा काशी. त्या पुष्कळ वेळ बोलल्या नाहीत. हळकुंडे निवडून झाली. मग म्हणाल्या, "त्या काटा पावतीवर एकदा मपलं नाव यावं."

बस, एवढेच. ऊस लावताना बेणे त्यांनी मांडले, रात्रीच्या लाइटीला दारे त्यांनी धरली, तोडीच्या वेळी टोळीच्या लेकरांना भाकरी त्यांनी दिल्या. आणि इतक्या हंगामांत पावती आली ती आधी वडिलांच्या नावे, मग आमच्या. हे ऐकायला लहान वाटते, पण सभासदांनो, जरा हिशोब मांडून पहा. पावतीवर नाव यायचे तर उसाची नोंद त्या नावाने पाहिजे. सभासद म्हणून नोंद व्हायची तर शेअर पाहिजे. शेअरसाठी सातबारा पाहिजे. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून शेअर नाही, शेअर नाही म्हणून मत नाही, आणि मत नाही म्हणून वार्षिक सभेच्या मांडवात खुर्ची नाही. आमच्या पाहण्यात ज्या भगिनी सभासद आहेत त्यांतल्या बऱ्याच जणींचे नाव वारस म्हणून लागले, म्हणजे कपाळाचे कुंकू गेल्यावर. जिवंतपणी नवऱ्याने लावलेली नावे आम्ही बोटांवर मोजली आणि बोटे उरली.

हा प्रश्न काही आम्ही पहिल्यांदा काढलेला नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले होते, आणि त्यानंतर १९८९ च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा काही तुकडा बायकोच्या नावे करतील ते गाव लक्ष्मीमुक्त, असे ते होते. बायकोच्या नावे केलेल्या जमिनीला उपकार म्हणू नका, तिचे देणे म्हणा, असा त्यामागचा विचार. आम्ही त्या काळी संघटनेच्या रस्ता रोकोला गेलो होतो, घोषणा दिल्या होत्या. लक्ष्मीमुक्तीची चर्चा गावात आली तेव्हा मात्र आम्ही विहिरीच्या मोटारीचे निमित्त काढून घरी राहिलो. ही कबुली छापून येणार हे ठाऊक असून लिहीत आहोत.

पुढे १९९२ साली सरकारनेही त्याच नावाने परिपत्रक काढले. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. आम्ही तलाठ्याकडे अर्ज घेऊन गेलो तेव्हा पाठीमागे उभे असलेले आमचे एक जुने स्नेही म्हणाले, "कामून? घरात भांडण झालं का?" दुसरे म्हणाले, कर्ज बुडवायचा विचार दिसतो. बायकोच्या नावे जमीन करणे म्हणजे एक तर भांडण नाही तर लबाडी, असेच लोकांना वाटते. गटसचिवांनीही काळजीने विचारले, पण बोजा जसाच्या तसा राहतो हे कळल्यावर ते निवांत झाले. नोटीस निघाली. हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते.

ते पंधरा दिवस घरात फार जड गेले. धाकटा मुलगा तोंडाने नाही म्हणाला नाही, पण जेवायला उशिरा येऊ लागला. एका रात्री म्हणाला, "बाबा, नाव लावल्यानं काय फरक पडतो? घरातलंच तर हाय समदं." त्याची आई म्हणाली, "फरक पडत नसंल तर लावू दे की." त्यावर तो हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवायला वेळेवर आला. पुण्याहून थोरल्याचा फोन आला, त्याने नुसते आईला द्या म्हटले आणि दोघे बराच वेळ बोलले. काय बोलले ते आम्हाला सांगितलेले नाही. बारा दिवस झाले तेव्हा आम्ही बहिणीला फोन लावला आणि काय चालले आहे ते सांगितले. ती म्हणाली, "वहिनीचं चांगलं केलंस." आणि गप्प राहिली. ती गप्प राहिली ते काय होते, हे आम्हाला कळले. त्या कलमाचे काय करायचे हे अजून ठरायचे आहे. पण ते आता नव्या वहीत, पहिल्या ओळीवर लिहिले आहे, आणि या वेळी पेन्सिलीने नाही.

हरकत कोणाची आली नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. शेअरचे पैसे आम्ही देऊ म्हणालो तर मंडळींनी हात केला. बचत गटातले त्यांचे स्वतःचे होते, तेच भरले. अर्जावर सही त्यांनी केली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेले अक्षर, एकेक वळण सावकाश, आणि पूर्ण नाव, आडनावासकट. कारकून म्हणाला, "आजी, थोडक्यात केली तरी चालतंय." त्या म्हणाल्या, "चालत असंल. मी पुरी करते."

अर्ज संचालक मंडळाच्या बैठकीपुढे जाईल. ओढ्याकाठच्या एक एकर सुरूच्या उसाची नोंद मात्र करायची होती, म्हणून चिटबॉय बांधावर आला. त्याने मोबाइल काढला आणि सवयीने आमचेच नाव घालू लागला. आम्ही विहिरीकडे बोट करून म्हणालो, "ह्या गटाचं त्यांना विचारा." त्याने आमच्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. त्या उसातून बाहेर आल्या, पदर खोचलेला, हाताला पाचटाची कूस लागलेली.

"मावशी, नाव?"

त्यांनी सांगितले, पूर्ण, आडनावासकट.

"सभासद का बिगर सभासद?"

"अर्ज दिलेला हाय," त्या म्हणाल्या. "तू तारीख बरोबर टाक. तोडीला उशीर झाला तर मीच येईन हापिसात."

त्याने तारीख टाकली. ऊस आता कांड्यावर आहे. टोळी यायला अजून अवकाश आहे. जुनी पावती परत पेटीत गेली आहे, आणि तिच्याशेजारी मंडळींनी पत्र्याचा एक रिकामा डबा ठेवला आहे. त्यात काय ठेवायचे आहे, हे आम्ही विचारलेले नाही.